विमानाची गादी बदलायची तर...

घरातल्या खुर्चीचे रेक्झीन फाटले, तर आपण काय करतो? गादीवाल्याला बोलावतो, रंग पसंत करतो, थोडी घासाघीस करतो आणि दोन दिवसांत खुर्ची नवी होऊन येते. जुने रेक्झीन किती वजनाचे होते आणि नवे किती, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

आता समजा, ती खुर्ची एका लहान विमानातील आहे. मग मात्र गादीवाल्याच्या आधी तराजू लागतो, गणिताची वही लागते आणि बुन्सेन बर्नरसुद्धा लागतो! असे का? हेच आज आपण पाहणार आहोत.

उदाहरणासाठी अमेरिकेतील सेस्ना १७२ हे विमान घेऊ. पंख छताला जोडलेले, पुढे एक इंजिन, आत चार आसने, असे हे विमान १९५६ पासून विकले जाऊ लागले. आजवर त्याची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली आहेत. एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. भारतातील वैमानिक-प्रशिक्षण संस्थांतही ते पाहावयास मिळते. अमेरिकेत अशी हजारो विमाने खासगी मालकीची आहेत. त्यांतील पुष्कळशी चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत. इंजिन वेळोवेळी दुरुस्त होते. पण आतल्या गाद्या विरतात, गालिचा झिजतो आणि भिंतींवरचे प्लास्टिक तडकते. मग मालकाला वाटते की, आतून विमान नवे करावे.

चौदा किलोंची किंमत

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील १७२ एन हा प्रकार पाहा. उड्डाणाच्या वेळी त्याचे एकूण वजन सुमारे १,०४० किलोग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. आपल्या उदाहरणातील रिकाम्या विमानाचे वजन ६५० किलो मानू. म्हणजे माणसे, सामान आणि पेट्रोल या सर्वांसाठी ३९० किलो उरतात. प्रत्येकी ७५ किलो वजनाची चार माणसे बसली, की ३०० किलो संपले. राहिले ९०. विमानाच्या पेट्रोलचा एक लिटर सुमारे ०.७२ किलो भरतो. तेव्हा सामानाची एकही पिशवी न घेता फार तर १२५ लिटर पेट्रोल घेता येईल. टाकीत जागा त्याहून जास्त असते, पण वजनाची परवानगी नसते.

आता मालकाने पुढच्या आसनांना जाड फोम आणि कातडे लावले. वजन ४ किलोंनी वाढले. मागच्या आसनालाही तसेच केले. आणखी ४ किलो. इंजिनाचा आवाज कमी व्हावा म्हणून मागच्या भागात जाड गालिचा आणि ध्वनिरोधक थर घातला, ६ किलो. एकूण १४ किलो झाले.

चौदा किलो म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. पण हे १४ किलो भरून काढण्यासाठी तेवढेच पेट्रोल कमी घ्यावे लागेल. १४ भागिले ०.७२ म्हणजे सुमारे १९ लिटर. हे विमान तासाला साधारण ३० लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे सुमारे ३८ मिनिटांचे उड्डाण गेले! अमेरिकेत दिवसा डोळ्यांनी पाहत उड्डाण करणाऱ्या विमानाने मुक्कामी पोहोचल्यावरही निदान ३० मिनिटे पुरेल एवढे पेट्रोल शिल्लक राहील, असा हिशेब करूनच निघावे, असा नियम आहे. वाटेत ढग आले, वारा उलटा फिरला, तर याच पेट्रोलावर प्राण वाचतात. आपल्या मालकाच्या सुंदर गाद्यांनी त्या राखीव साठ्याहून अधिक जागा खाल्ली.

बैलगाडी आणि विमान

वजन किती वाढले याइतकेच ते कोठे वाढले, हेही महत्त्वाचे आहे. खेड्यात राहणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. बैलगाडीत सगळी पोती मागे रचली, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते. सगळी पुढे रचली, तर बैलांच्या मानेवर भार येतो. गाडीवान पोती मागेपुढे सरकवून तोल साधतो.

विमानाला आकाशात चाकांचा टेकू नसतो. त्याचे सगळे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले असते. हा त्याचा गुरुत्वमध्य. तो फार मागे गेला, तर विमानाचे नाक वर उठू लागते आणि विमान अस्थिर होते. वेग कमी होऊन पंखांची उचल नाहीशी झाली, तर त्यातून सावरणे कठीण, कधी अशक्यही होते. तो फार पुढे गेला, तर उतरताना नाक पुरेसे उचलता येत नाही.

गुरुत्वमध्य काढण्याची रीत तरफेच्या नियमासारखीच आहे. एक ठरावीक रेषा घ्यायची. या विमानात ती इंजिनामागील पोलादी भिंत असते. प्रत्येक वस्तूचे वजन आणि त्या भिंतीपासूनचे तिचे अंतर यांचा गुणाकार करायचा. या गुणाकाराला परिबल म्हणतात. सर्व परिबलांच्या बेरजेला एकूण वजनाने भागले, की गुरुत्वमध्याचे अंतर मिळते.

आपल्या विमानाचा आधीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून १.०० मीटरवर आहे, असे मानू. त्याचे परिबल ६५० × १.०० = ६५०. पुढची आसने ०.९४ मीटरवर असतात, मागचे १.८५ मीटरवर. ध्वनिरोधक थर सरासरी २.०० मीटरवर आहे. तेव्हा वाढलेली परिबले अशी :

पुढची आसने : ४ × ०.९४ = ३.७६
मागचे आसन : ४ × १.८५ = ७.४०
ध्वनिरोधक थर : ६ × २.०० = १२.००

एकूण परिबल ६७३.१६ आणि एकूण वजन ६६४ किलो. भागाकार आला सुमारे १.०१४ मीटर. गुरुत्वमध्य १.४ सेंटिमीटर मागे सरकला. पूर्ण भरलेल्या विमानात गुरुत्वमध्याला फिरायला सुमारे २२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत जागा असते. त्या विततला दीड सेंटिमीटर केवळ सजावटीनेच घेतला. माणसे आणि सामान तर अजून चढायचेच आहे. शिवाय हे सारे सामान बहुतेक मागेच बसते!

म्हणूनच काढलेली प्रत्येक वस्तू आणि बसवलेली प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून तिचे वजन लिहून ठेवावे लागते.

बुन्सेन बर्नरची परीक्षा

गाद्यांचा फोम हा बहुधा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. त्यात हवेची असंख्य छिद्रे असतात. पृष्ठभाग मोठा आणि हवा हाताशी, त्यामुळे साधा फोम झपाट्याने पेटतो. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात. मोटारीला आग लागली, तर गाडी थांबवून उतरता येते. आकाशात उतरायचे कोठे?

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका प्रवासी विमानात उड्डाण चालू असतानाच आग लागली. वैमानिकांनी विमान अमेरिकेतील सिनसिनाटी येथे सुखरूप उतरवले. पण दारे उघडल्यावर दीड मिनिटाच्या आतच आत भडका उडाला. ४६ जणांपैकी २३ जण दगावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांतील आसनांच्या गाद्यांसाठी आग अडवणाऱ्या थराचा नियम केला.

लहान विमानांचे नियम एवढे कडक नाहीत. तरी त्यांतही कापड सहज पेट घेणारे असून चालत नाही. जाणकार मालक मोठ्या विमानांसाठी ठरलेल्या चाचणीत उतरलेले कापडच निवडतात. ती चाचणी अशी : कापडाचे तीन तुकडे उभे टांगतात. खाली बुन्सेन बर्नरची ३८ मिलिमीटर उंचीची ज्योत १२ सेकंद धरतात आणि मग काढून घेतात. ज्योत काढल्यावर कापड सरासरी १५ सेकंदांच्या आत विझले पाहिजे. जळालेली लांबी सरासरी २० सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. वितळून पडलेला थेंब ५ सेकंदांहून जास्त जळत राहता कामा नये. ही चाचणी प्रयोगशाळेत धूर बाहेर नेणाऱ्या पेटीत करतात. घरी ती मुळीच करू नका. निघणारा धूर विषारी असतो.

भिंतीआड काय दडले आहे?

जुन्या गाद्या आणि प्लास्टिकचे पत्रे काढले, की विमानाची खरी कातडी दिसते. हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तांबे मिसळल्याने तो बळकट होतो, पण लवकर गंजतोही. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. जुना काचतंतूंचा थर पावसाचे झिरपलेले पाणी धरून ठेवतो आणि ओल वर्षानुवर्षे पत्र्याला चिकटून राहते. उंदरांनी घरटे केले असेल, तर त्यांच्या मूत्रातील क्षार भर घालतात. पांढरी भुकटी दिसली, की समजावे येथे धातू खाल्ला गेला आहे. गाद्या बदलण्याच्या निमित्ताने ही कीड सापडते, हा या कामाचा मोठाच लाभ आहे.

येथे हातही जपून चालवावा लागतो. जमिनीखालून शेपटीकडे पोलादी दोर गेलेले असतात. विमानाचे नाक त्यांच्याच साहाय्याने वरखाली आणि डावीउजवीकडे वळते. खाली पडलेला एखादा स्क्रू तेथे अडकला, तर दोर हलणार नाही. दारांच्या चौकटींतून पंखांतील टाक्यांचे पेट्रोल खाली येते. तेथे जुन्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लांब स्क्रू पिळला, तर तो नळीला घासू शकतो. म्हणून कोणता स्क्रू कोठून काढला, याचीही चिठ्ठी लावतात.

आसने ज्या रुळांवर पुढेमागे सरकतात, त्यांची गोष्ट तर फार बोलकी आहे. रुळातील भोकात एक खुंटी बसते आणि आसन जागी राहते. भोक झिजले, की खुंटी निसटते. विमान वेगाने धावत वर उठत असताना वैमानिक आसनासकट मागे सरकतो. हातात धरलेले नियंत्रणाचे चाक त्याच्याबरोबर मागे ओढले जाते आणि विमानाचे नाक एकदम वर उठते. अशा अपघातांमुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये हे रूळ नियमित तपासण्याचा आदेश काढला आणि २०११ मध्ये तो सुधारला. नव्या गालिच्याची कड खुंटीखाली आली, तरी हाच धोका! तेव्हा आसन बसवल्यावर ते जोराने हलवून पाहिलेच पाहिजे.

शेवटी वही

अमेरिकेत वैमानिकाचा परवाना असलेला मालक गाद्यांची आणि सजावटीची साधी दुरुस्ती स्वतः करू शकतो. मात्र विमानाच्या सांगाड्याला किंवा नियंत्रणाला हात लागता कामा नये. सुरक्षा-पट्ट्याचे कापड मात्र घरी शिवून चालत नाही. मान्यताप्राप्त पट्टाच लावावा लागतो. काम झाले, की विमानाच्या नोंदवहीत काय केले ते, तारीख, सही आणि परवान्याचा क्रमांक लिहायचा. वजन बदलले असेल, तर नवे वजन आणि नवा गुरुत्वमध्य कागदोपत्री मांडायचा. उद्या हे विमान दुसऱ्या कोणी चालवले, तर त्याला गादी किती सुंदर आहे ते डोळ्यांनी दिसेल. पण तिने किती पेट्रोलची जागा घेतली, ते फक्त ती नोंदच सांगेल.

करून पाहा

३० सेंटिमीटरची एक पट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवून तोलून धरा. पेन्सिल कोठे आहे ते लिहून ठेवा. आता पट्टीच्या एका टोकाजवळ एक नाणे चिकटवा आणि पुन्हा तोल साधा. पट्टीचे व नाण्याचे वजन शाळेच्या तराजूवर करून नवा गुरुत्वमध्य आधी गणिताने काढा आणि मग प्रत्यक्ष मोजा. नंतर तेच नाणे मधोमध चिकटवून पाहा. दोन्ही वेळा वजन तेवढेच वाढले. तोल मात्र एकदाच का हलला, ते तुमच्या वहीत लिहा आणि गुरुजींना दाखवा.