गुणपत्रिकेची मर्यादा आणि शिष्यवृत्तीची वाट

बारावीचे निकाल जाहीर होतात आणि लखनौच्या इंदिरा नगरात, भूतनाथ बाजारापासून मुन्शीपुलियापर्यंतच्या गजबजलेल्या वस्तीत, घरोघरी पुढील शिक्षणाची आकडेमोड सुरू होते. नोकरीतील बदलीमुळे महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कुटुंबांपुढे या वेळी आणखी एक प्रश्न असतो. मुलीने बारावी उत्तर प्रदेशातून केली, तर गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी तिची तुलना पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांशी होणार की लखनौ-कानपूरच्या?

महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्र शासनाच्या शिष्यवृत्ती योजनेने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. विद्यार्थिनीची तुलना तिच्याच परीक्षा मंडळातून, तिच्याच शाखेत उत्तीर्ण झालेल्यांशी होते व त्यांत तिला ८० पर्सेंटाइलच्या वर असावे लागते. येथे पालकांची हमखास गल्लत होते. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. उत्तीर्ण झालेल्या शंभरांपैकी ऐंशी जण मागे असणे, असा त्याचा अर्थ आहे. ज्या मंडळाचे गुणदान काटेकोर, तेथे सत्तर टक्केही पुरे पडू शकतात. ज्याचे सढळ, तेथे नव्वदही अपुरे ठरू शकतात.

वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्यांची तरतूद या योजनेत करण्यात आली. केंद्रीय मंडळांचा वाटा प्रथम वेगळा काढून उरलेल्या शिष्यवृत्त्या राज्यांतील १८ ते २५ वयोगटाच्या लोकसंख्येनुसार राज्य मंडळांत विभागल्या जातात. निम्म्या मुलींसाठी असतात. विज्ञान, वाणिज्य व कला या शाखांचे प्रमाण ३:२:१ असे आहे. (कला शाखेच्या वाट्याला नेहमीप्रमाणे शेवटचा घास!) २०२२-२३ च्या नियमांनुसार कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख रुपये असून पदवीच्या अभ्यासक्रमासाठी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

तथापि, गुण हीच गुणवत्ता मानावी काय, हा वाद या योजनेहून फार जुना आहे. त्या दृष्टीने मुंबई विद्यापीठाचे १९१२ हे वर्ष पाहण्यासारखे आहे.

त्या वर्षी मॅट्रिकच्या परीक्षेत रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. पुढे केंब्रिज, मग १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, हा त्यांचा प्रवास बँकिंग क्षेत्रात सर्वपरिचित आहे. गुणपत्रिकेने येथे अचूक माणूस निवडला, यात शंका नाही.

त्याच १९१२ मध्ये, त्याच विद्यापीठातून भीमराव रामजी आंबेडकर अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाले. १९०७ साली मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शंकरशेट शिष्यवृत्तीचा तर विचारच संभवत नव्हता. कारण अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला शाळेत संस्कृत शिकण्याची मुभाच नव्हती, त्यांना फारसी घ्यावी लागली. जी परीक्षा देण्याचे दारच बंद, तिच्यातील अव्वल क्रमांक कोणाला कसा मिळावा? गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या नियमात कोणताही पक्षपात लिहिलेला नव्हता. पक्षपात त्याच्या कितीतरी आधी, वर्गाच्या उंबरठ्यावरच घडून गेलेला होता.

त्यांच्यासाठी वेगळीच वाट निघाली. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी या विद्यार्थ्यासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी त्यांना स्वतः काही प्रश्न विचारले आणि समाधान होताच दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्तीही बडोदा संस्थानानेच दिली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. २८२ गुणांच्या मागे काय दडले आहे, हे एका शिक्षकाने ओळखले आणि एका राजाने त्यावर विश्वास ठेवला. अर्थात ही वाटही निर्धोक नव्हती. १९१७ मध्ये मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. साठविलेले पैसे आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चिंतामणराव अर्थमंत्री झाले त्या १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. लखनौत आज त्यांच्या नावाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे.

आजच्या योजनेत उत्पन्नाची अट, मुलींचा वाटा व आरक्षण यांमुळे ते जुने बंद दार बऱ्याच अंशी उघडले आहे. परंतु केळुसकर गुरुजींचे काम कोणतीही संगणकीय यादी करू शकत नाही. पर्सेंटाइलच्या रेषेखाली थोडक्यात राहिलेल्या मुलाकडे कोणी पाहावे, याची सोय नियमात नाही.

मध्येच खंड पडण्याचा धोका मात्र आजही आहे, आणि तो टाळणे बव्हंशी आपल्या हाती असते. शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. रक्कम थेट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. शाळेत असताना पालकांसह उघडलेले अज्ञानाचे खाते अठरा वर्षे पूर्ण होताच सज्ञानाच्या नावे करून घ्यावे लागते. नवी सही, छायाचित्र व ओळखपत्रे द्यावी लागतात. बदलीच्या गावी राहणाऱ्या कुटुंबांत मुलाचे खाते बहुधा मूळ गावच्या शाखेतच राहिलेले असते. ते काम अर्ज भरण्यापूर्वीच उरकून घ्यावे.