भांडं आधी उलटं करावं

‘इस्टेट सेल’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी शेतीवाडी विकायला निघाली आहे. आमच्या साताऱ्याकडे इस्टेट म्हणजे जमीन, वाडा आणि त्यापायी चाललेल्या कोर्टकचेऱ्या. ओहायोत, डेटनजवळच्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याची पाटी होती, पाटीवर बाण होता आणि त्या बाणामागे जात मी थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पोहोचले. कपाटं सताड उघडी. चमच्यांच्या खणावर किमतीची चिठ्ठी. अर्धवट वापरलेल्या दोऱ्यांच्या रिळांची बरणी एक डॉलर. न्हाणीघरातले टॉवेलसुद्धा विकायला. घरमालकीण दोन महिन्यांपूर्वी गेली, असं रांगेतल्या बाईनं सांगितलं. मला कसंसंच झालं. काही न घेता घरी आले आणि डोक्यावरून आंघोळ केली.

त्याला आता बावीस वर्षं झाली. एप्रिल ते ऑक्टोबर, शनिवारी सकाळी सात वाजता मी कुठे असते हे आता आमच्या घरात कुणी विचारत नाही.

गराज सेल आणि इस्टेट सेल, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. गराज सेल म्हणजे नांदत्या घराची साफसफाई. मुलं मोठी झाली, दुसऱ्या गावी नोकरी लागली, की लोक गराजचं शटर वर करतात, घडीच्या टेबलांवर सामान मांडतात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात. इथे घासाघीस चालते, पण गोड बोलून. चार वस्तू एकत्र करून ‘सगळ्याचे दहा?’ असं विचारलं की बहुतेक वेळा मान हलते. इस्टेट सेलमध्ये अख्खं घर रिकामं करायचं असतं. माणूस गेलेलं असतं किंवा वृद्धाश्रमात हललेलं असतं, मुलं दूरच्या राज्यात असतात. ती हे काम बहुधा एखाद्या कंपनीवर सोपवतात. कंपनीची माणसं सुईपासून सोफ्यापर्यंत सगळ्याला किंमत लावतात आणि विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, स्वतःकडे ठेवतात. सेल दोन-तीन दिवस चालतो. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, मग थोडी सूट, शेवटच्या दुपारी अनेकदा निम्म्यानं. व्यापारी मंडळी उजाडायच्या आत येऊन नंबर लावतात. एखादी ठरावीक वस्तूच हवी असेल तर पहिल्या दिवशी जावं, नुसती हौस असेल तर शेवटच्या.

माझ्या या क्षेत्रातल्या गुरू म्हणजे पलीकडच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा एकच नियम होता : वस्तू आधी उलटी कर, मग किंमत बघ. वस्तूचं तोंड सगळ्यांनाच दिसतं, पण तिची जन्मकुंडली बुडाला असते. अमेरिकेत 1890 साली जकातीचा एक कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून आयात मालावर तो कुठल्या देशाचा हे लिहिणं आलं. जपानी कपबशीच्या बुडाशी ‘निप्पॉन’ असेल तर ती साधारण 1921च्या आधीची, कारण त्यानंतर तिथे ‘जपान’ हेच नाव लिहावं लागे. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर अमेरिकी सैन्य तिथे तळ देऊन होतं त्या, 1945 ते 1952 या काळातली. एका बोटाएवढ्या चिनीमातीच्या बाहुलीच्या पायाखाली महायुद्धाचा निकाल छापलेला असतो.

हा नियम मोडल्याचा दंडही मी भरला आहे. दुसऱ्याच वर्षी एका सेलमध्ये नक्षीची, लखलखीत चहाची किटली दिसली. चांदीच म्हणून चाळीस डॉलर मोजून घरी आणली. ह्यांनी ती उलटी केली. बुडाला बारीक चार अक्षरं होती : ई.पी.एन.एस. म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. आणि निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडचं जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, चांदी नावापुरती. ज्या जर्मन सिल्व्हरच्या निरांजनाला माझी आजी नाक मुरडायची, तेच मी चाळीस डॉलरला घेऊन आले होते. इथे खऱ्या चांदीवर बहुधा ‘स्टर्लिंग’ असं लिहिलेलं असतं किंवा 925 हा आकडा, म्हणजे हजारात 925 भाग चांदी. तेव्हापासून पर्समध्ये एक छोटा लोहचुंबक, एक भिंग आणि एक टॉर्च कायमचे आहेत. चुंबक चिकटला तर ती चांदी नव्हे, हे नक्की. न चिकटला म्हणून ती चांदीच, असं मात्र नाही. माझ्या किटलीलाही तो चिकटत नाही.

टॉर्चचं काम बेसमेंटमध्ये. व्यापारी लोक दागिने आणि चित्रांकडे धावतात, मी तळघराचा जिना उतरते. तिथेच एका फळीवर रंगाच्या डब्यांखाली मला गंजलेला लोखंडी तवा सापडला. उलटा केला, खरवडला, तर अक्षरं उमटली : वॅग्नर वेअर, सिडनी, ओ. यातला ‘ओ’ म्हणजे ओहायो. सिडनी हे गाव आमच्या घरापासून तासाभराच्या आत. वॅग्नर बंधूंनी 1891 मध्ये तिथे बिडाची भांडी ओतायला सुरुवात केली. पलीकडच्या पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावची ग्रिसवोल्ड ही त्यांची प्रतिस्पर्धी. या दोघांच्या जुन्या तव्यांचा आतला पृष्ठभाग कारखान्यात घासून गुळगुळीत केलेला असे. आजचे बरेचसे बिडाचे तवे हाताला खरबरीत लागतात, कारण साच्यातून निघाल्यावर त्यांना ती घासाई मिळत नाही. मी सहा डॉलर दिले. गंज काढला, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तवा ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवला, आणि मग आईच्या पद्धतीनं अर्धा कांदा तेलात बुडवून वर चोळला. पहिलं थालीपीठ चिकटलं. तिसरं अलगद सुटलं. इथल्या कुण्या बाईनं त्यावर मक्याचे केक भाजले असतील. तव्याला काय, भाजणी आणि मक्याचं पीठ सारखंच.

‘घबाड मिळालं का कधी?’ असं भारतातून फोनवर हमखास विचारतात. नाही मिळालं. घबाडाच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबानं 2007 मध्ये अशाच सेलमधून तीन डॉलरला एक पांढरा वाडगा घेतला आणि दिवाणखान्यात ठेवून दिला. तो चीनमधल्या उत्तर सुंग काळातला, हजारेक वर्षांपूर्वीचा निघाला आणि 2013 मध्ये सदबीजच्या लिलावात बावीस लाख डॉलरच्या वर गेला. त्याआधी, 1989 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या ॲडम्सटाउनच्या जुन्या बाजारात एकानं चौकट आवडली म्हणून चार डॉलरला एक चित्र घेतलं. चित्रामागे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची 1776 सालची मूळ छापील प्रत घडी घालून ठेवलेली होती. दोन वर्षांनी ती चोवीस लाखांवर गेली. पण अशा आशेनं शनिवार काढणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर संसार मांडणं. माझ्या बावीस वर्षांच्या कमाईत सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे सिंगरचं ‘फेदरवेट’ शिलाई मशीन. हे मॉडेल 1933 मध्ये आलं. वजन अवघं अकरा पौंड, म्हणजे पाच किलो. ते मी विकलेलं नाही, त्यावर नातीची परकर-पोलकी शिवते.

ऑगस्टच्या सुरुवातीला तर आमच्याकडे जत्राच असते. मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत, 690 मैलांचा सलग सेल. टेनेसीतल्या जेम्सटाउन इथे 1987 मध्ये सुरू झालेला हा प्रकार 127 क्रमांकाच्या रस्त्यानं पसरत गेला आणि तो रस्ता आमच्या पश्चिमेच्या ईटन गावातून जातो. मक्याच्या शेतांच्या कडेला तंबू, कणसं, लिंबाचं सरबत आणि मैलोन्‌मैल दुसऱ्यांच्या आयुष्यातलं सामान.

सावधगिरीही सांगून ठेवते. जुन्या रंगीत ताटवाट्यांच्या रंगात शिसं असू शकतं, त्या शोभेला ठेवाव्यात. जुन्या बिडाच्या तव्यात कुणी बंदुकीच्या गोळ्यांसाठी किंवा मासेमारीच्या वजनांसाठी शिसंही वितळवलेलं असू शकतं. तपासणीच्या काड्या दुकानात मिळतात. बाजू खाली सरकणारे बाळांचे पाळणे कितीही देखणे दिसले तरी घेऊ नयेत. बाळं अडकून दगावल्यामुळे 2011 पासून इथे त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. आणि एक सावधगिरी मनाची. गराज सेलमध्ये एखाद्या म्हाताऱ्या बाई मोलाची वस्तू कवडीमोलानं देत असतील, तर मी सांगते. एकदा एका आजींना त्यांचा चमच्यांचा संच खऱ्या चांदीचा आहे हे सांगितलं. त्यांनी तो टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला. मला तो मिळाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता जे सांगायचं राहिलं ते. 2006 मध्ये आई गेली. साताऱ्याचं घर दहा दिवसांत रिकामं करायचं होतं, माझं परतीचं तिकीट ठरलेलं. आम्ही भावंडांनी मोडवाल्याला बोलावलं. बंब, घंगाळ, परात, कळशा, पातेली, सगळं एका तराजूवर चढलं. पितळ सदतीस किलो, तांबं अकरा. मोडवाल्यानं बंबाची तोटी पिळून वेगळी काढली, कारण तिचा भाव वेगळा होता. ओहायोत परक्या बायकांची भांडी उलटीपालटी करून पाहणाऱ्या मी आईचं एकही भांडं फिरवून पाहिलं नाही. अमेरिकन भांड्याच्या बुडाशी कारखान्याचं नाव असतं. आपल्या भांड्यावर माणसाचं असतं : ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, कुणी दिलं, कुणाला, कुठल्या कार्यात, कुठल्या तारखेला. आमच्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ त्या दिवशी किलोच्या भावानं गेली.

बॅगेत सुपारी ठेवायला म्हणून घेतलेलं एक फुलपात्र तेवढं वाचलं. त्यावर माझ्या आत्याचं नाव आहे आणि आईच्या लग्नाची तारीख, 12-5-58. ते इथे कुणी विकायला ठेवलं तर पन्नास सेंटही यायचे नाहीत.

तुमच्या घरातली भांडी मोडीत काढायची असतील तर जरूर काढा, सगळं साठवून घरं चालत नाहीत. फक्त तराजूवर चढवण्यापूर्वी एक सकाळ काढा, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक भांड्यावरचं नाव मोठ्यानं वाचून वहीत उतरवा.