फितूर साक्षीदार

१९८६ साली लाहोरात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. आपलं सॉफ्टवेअर फुकटात उतरवून घेणाऱ्यांना अद्दल घडावी, एवढाच हेतू होता, असं ते सांगतात. प्रोग्रामच्या पोटात त्यांनी आपली नावं, पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. घरफोडी करून उंबऱ्यावर व्हिजिटिंग कार्ड ठेवून जाण्यातलाच प्रकार! आयबीएम पीसीच्या घराण्यातला पहिला व्हायरस म्हणून ‘ब्रेन’ ओळखला जातो, तो हा. २०११ साली मिक्को हिप्पोनेन हे फिनलंडचे व्हायरसतज्ज्ञ तोच पत्ता धरून लाहोरला गेले, तर भाऊ तिथेच भेटले.

ब्रेनची खरी करामत मात्र पुढे आहे. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात, बूट सेक्टरमध्ये, तो ठाण मांडायचा आणि तिथला मूळ मजकूर उचलून फ्लॉपीवरच दुसरीकडे ठेवायचा. कुणी संशय येऊन पहिला कप्पा वाचायला मागितला, की ती मागणी वाटेतच अडवायचा आणि जपून ठेवलेला मूळ मजकूर पुढे करायचा. बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी!

घरचा कॉम्प्युटर पुसून नव्याने उभा का करायचा, याचं उत्तर या लबाडीत आहे. आपण डिस्कला काहीही विचारतो ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या तोंडून. कोर्टातल्या साक्षीदारासारखी तीच फितूर झाली, तर उलटतपासणी कितीही घ्या, जबाब एकच येणार: काही झालेलं नाही. अँटिव्हायरसचीही इथेच पंचाईत होते. तो दारात उभा असतो तोवर बरंच काही रोखतो. पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकरांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी ‘क्विक हील’ उभं केलं, ते दुरुस्तीला येणारी व्हायरसग्रस्त यंत्रं बघूनच. पण चोर आत शिरून घरमालकाच्याच आवाजात बोलायला लागला, तर बिचाऱ्या रखवालदाराने कुणाचं ऐकायचं?

गेल्या दिवाळीत सांगलीला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याने दारातच गाठलं. “मामा, फॉरमॅट मारायचाय.” आपल्याकडे फॉरमॅट ‘मारतात’ आणि विंडोज ‘टाकतात’, ही क्रियापदं मला फार आवडतात. भाचा प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेला होता. तिथून जे आलं, त्याला सगळं गाव ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतं. हा पाहुणा पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर अदृश्य करतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट मांडून ठेवतो. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डरही उघडतो, म्हणजे कुणाला शंकाच येऊ नये. ब्रेनचाच वारसा.

“पण पुसलं की ते जातं कुठे?” भाच्याचा पुढचा प्रश्न. जात कुठेच नाही! डिस्क म्हणजे लांबरुंद शिवार आणि फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचं दप्तर. फाइल डिलीट केली म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं. उभ्या पिकाला कुणी हात लावलेला नसतो. डॉसच्या काळातल्या फॅट पद्धतीत तर नावाच्या फक्त पहिल्या अक्षरावर एक ठरावीक खूण केली जायची. म्हणून पुसलेली फाइल परत आणायला गेलं की डॉस विचारायचा: नावाचं पहिलं अक्षर तेवढं सांगा. नावाची बाकीची अक्षरं त्याच्यापाशी होतीच. क्विक फॉरमॅट म्हणजे जुनं दप्तर काढून टाकून कोरं दप्तर घालणं. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून डिस्कभर शून्यं लिहीत जातो. एक्सपीपर्यंतचा तेवढंही करत नसे, खराब जागा कुठे आहेत ते पाहून यायचा. आणि ब्रेनला हे दप्तर पक्कं कळत होतं. आपण लपलो ती जागा तो नोंदीत ‘खराब’ म्हणून लावून टाकायचा. पोटखराब्यात कोण नांगर घालतो?

सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी २००० ते २००२ या काळात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या १२९ वाचता आल्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांतल्या काहींवर लोकांच्या क्रेडिट कार्डांचे आकडेसुद्धा पडून होते.

पीक उभंच राहत असेल, तर क्विक फॉरमॅटने व्हायरस मरतो कसा? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. व्हायरस म्हणजे शेवटी लिहून ठेवलेल्या सूचना. कुणीतरी त्या वाचून पाळाव्या लागतात. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट दप्तरात उरली नाही, की त्या कोपऱ्यात न उघडलेल्या पत्रासारख्या पडून राहतात आणि हळूहळू त्यांच्यावर नवं काहीतरी लिहिलं जातं. म्हणजे व्हायरस घालवायचा तर वाट तोडली तरी भागतं. डिस्क विकायची असेल तर मात्र पीकच कापायला हवं. लोक या दोन कामांची गल्लत करतात आणि पहिल्यासाठी रात्र जागवून दुसरं विसरतात.

एसएसडीमध्ये तर आणखी गंमत. तिच्यातले कप्पे ठरावीक वेळा लिहून झिजतात, म्हणून तिचा कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटत राहतो. तुम्ही ‘इथे शून्य लिही’ म्हणता, तो ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्याच जागी लिहून येतो. त्यामुळे बाहेरून शून्यं ओतत बसण्यात अर्थ नाही; तिला स्वतःलाच पुसायची आज्ञा द्यावी लागते. अनेक एसएसडी तर आतला सगळा मजकूर कायम कुलपात ठेवतात. पुसायची आज्ञा आली की त्या फक्त किल्ली विसरतात, आणि क्षणात सगळ्या मजकुराचा निरर्थक चुरा होतो.

आता वाट तोडायची म्हणजे नेमकी कुठे? बटण दाबल्यावर कॉम्प्युटर एकदम जागा होत नाही. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम उठतो, तो पुढच्याला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला. प्रत्येक जण मागच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर या साखळीची दुसरी कडी ५१२ बाइटांच्या एकाच कप्प्यात मावते. देवनागरीचं एक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं, म्हणजे फार तर १७० चिन्हं. या परिच्छेदाची सुरुवातीची चार वाक्यंही तिथे धड बसायची नाहीत! पण ती जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात पुढचं सगळं. आणि ही जागा ‘सी’च्या हद्दीत नसते. आपल्याकडे ‘सी’ला फॉरमॅट मारून ‘डी’ला हात न लावण्याची जी रीत आहे, ती इथेच फसते.

म्हणून क्रम उलटा लावायचा. आधी ‘डी’वरचे फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढायची, तीही फितूर विंडोजला न उठवता. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स यासाठी झकास. कॉम्प्युटर त्याच्या जिवावर जागा होतो आणि आजारी डिस्क नुसत्या गाठोड्यासारखी पडून राहते, तिच्यातलं काहीही चालत नाही. (डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा. नव्या लॅपटॉपवर ते कुलूप मालकाच्या नकळतही लागलेलं असतं.) फोटो घ्यायचे, लिहिलेलं घ्यायचं. प्रोग्राम आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं घ्यायची नाहीत, भाचा कितीही रडला तरी.

विंडोजचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवर बनवायचा. निदान ८ जीबीचा हवा. विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवायची, कुणाच्या ड्रॉवरमधल्या सीडीवरून नव्हे. इन्स्टॉल करताना डिस्कचे सगळे तुकडे एकेक करून डिलीट केले, की पडद्यावर एकच ओळ उरते: अनअलोकेटेड स्पेस. बिनशेती, बिनमालकीची सपाट जमीन! ही ओळ बघताना मला दर वेळी थोडं भरून येतं, आणि फोटो खरंच कॉपी केलेत ना, या धास्तीने पोटात गोळाही येतो. विंडोज १० किंवा ११ चं खरं लायसन्स आधीपासून असेल, तर इंटरनेट मिळाल्यावर ती बहुधा मदरबोर्ड ओळखून आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते.

साखळीची पहिलीच कडी सडली तर? तेही झालंय. तैवानच्या चेन इंग-हाऊने १९९८ साली लिहिलेला ‘सीआयएच’ मदरबोर्डवरचा बायोसच खोडून टाकायचा. २०१८ साली ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या तज्ज्ञांना सापडलेला ‘लोजॅक्स’ मदरबोर्डवरच घर करून राहायचा, म्हणजे डिस्क बदलली तरी परत यायचा. घरगुती यंत्रांच्या वाट्याला असलं क्वचित येतं.

आणि निरोगी कॉम्प्युटर निरोगी आहे, हे कुणी सांगितलं? युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा धागा शेवटापर्यंत ओढला. प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपायलरमध्येच चोरदरवाजा असा बसवता येतो, की मूळ संहितेत त्याचा मागमूस उरत नाही, आणि तो कंपायलर पुढच्या कंपायलरलाही तेच शिकवतो. जे संपूर्ण स्वतः लिहिलेलं नाही, त्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कुठेतरी थांबून कुणावर तरी भरवसा टाकायचाच आहे. कुणावर, एवढंच आपल्या हातात.

विंडोज टाकून झाल्यावर सगळ्यात आधी अपडेट. सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने २००४ साली हिशेब केला, तेव्हा अपडेट न केलेलं विंडोजचं यंत्र उघड्या इंटरनेटवर सरासरी २० मिनिटं तग धरायचं. आवश्यक पॅचेस उतरवायलाच त्याहून जास्त वेळ लागायचा; बाळंतिणीच्या खोलीतच साथ शिरावी तसं. आता फायरवॉल सुरुवातीपासून चालू असते आणि घरचा राउटर मध्ये उभा असतो. नंतर पासवर्ड बदलायचे, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि सगळीकडून एकदा लॉगआउट व्हायचं. जुन्या पाहुण्याने लॉगिनच्या खुणाच चोरल्या असतील, तर नुसता पासवर्ड बदलून तो बाहेर जाईलच असं नाही.

संध्याकाळी भाच्याने तो झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आलेला पेनड्राइव्ह पुढे केला. प्रोजेक्ट अजून त्यातच होता. नव्या विंडोजमध्ये तो लावायचा धीर मला झाला नाही. कॉम्प्युटर पुन्हा लिनक्सवर सुरू केला आणि मग पेनड्राइव्ह उघडला. विंडोज ज्यांना अदृश्य मानते, त्यांना लपवायची रीत लिनक्सला ठाऊकच नसते. पडद्यावर प्रत्येक नाव दोनदा आलं होतं, एक खऱ्या फोल्डरचं आणि त्याला खेटून एक सोंगाचं.