आधी सुई आशाताईंच्या दंडाला

जानेवारी २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात परभणी जिल्ह्यात दोन साथींची कामे एकाच वेळी चालू होती. मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पशुसंवर्धन खात्याची माणसे तिथल्या कोंबड्या नष्ट करत होती, आणि आरोग्य खाते कोरोनाच्या लसीकरणाची तयारी करत होते. १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झाले. पहिला क्रमांक आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. डॉक्टर, सिस्टर, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, सफाई कामगार, अंगणवाडीताई आणि आशाताई, सरकारी असोत की खासगी किंवा धर्मादाय संस्थेतले, सगळ्यांची नावे पहिल्या यादीत होती.

हा क्रम लावण्यामागे साधा हिशेब होता. रुग्णाच्या सर्वांत जवळ हीच माणसे जातात. ती आजारी पडली की दवाखाना बंद पडतो. आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या कार्यकर्तीने नकळत आजार पोहोचवला, तर ज्या कामासाठी ती हिंडते तेच काम उलटते. म्हणून गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेपुढे तेव्हा एक प्रश्न उभा राहिला: आपल्या माणसांना लस सक्तीची करायची का? परभणीसारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर आधी तिथली लसीकरणाची व्यवस्था कशी चालते ते पाहायला हवे.

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे जिल्ह्याचे नऊ तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र आणि हजार लोकांमागे एक आशा असते. केंद्रात लस आयएलआर नावाच्या खास फ्रिजमध्ये राहते. तापमान दोन ते आठ अंश सेल्सिअस. दिवसातून दोन वेळा ते पाहून वहीत लिहायचे. वीज गेली तर झाकण उघडायचे नाही, आत बर्फाच्या पिशव्यांचा थर असतो, तोच काही तास लस राखतो.

सत्राच्या दिवशी लस व्हॅक्सिन कॅरियरमध्ये भरून गावाला निघते. डब्यात चार आइसपॅक असतात. ते फ्रीजरमधून काढल्याबरोबर ठेवायचे नसतात. थोडा वेळ बाहेर राहू द्यायचे आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचे, कारण कोविशील्ड गोठली की निकामी होते. एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची, उरलेले फेकून द्यायचे. म्हणजे दहा माणसे जमल्याशिवाय सिस्टरला कुपी फोडणे जिवावर येई. ती दहा माणसे जमवण्याचे काम आशाताईचे. शाळेत, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत लस टोचायची, मग माणसाला अर्धा तास बसवून ठेवायचे, चक्कर आली तर हाताशी औषध असायचे. सगळी यंत्रणा शेवटी एका बाईच्या शब्दावर येऊन थांबत होती: ‘चला, काही होत नाही.’

आणि गावकरी तिला पहिला प्रश्न विचारत: ‘ताई, तुम्ही घेतली का?’

त्या एका प्रश्नात सारा विषय येतो. तिने घेतली असेल तर ती दंड दाखवून, रात्री कणकण आली होती आणि दुसऱ्या दिवशी उतरली, एवढे सांगू शकते. घेतली नसेल तर तिच्या हातातल्या पत्रकाला काही अर्थ उरत नाही.

पण आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनातही भीती होती, आणि ती अज्ञानातून आलेली नव्हती. पहिल्या दिवशी महाराष्ट्रात ठरलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्केच कर्मचारी लस घ्यायला आले. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला मंजुरी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती नव्हते. ती घेणाऱ्याला वेगळ्या संमतिपत्रावर सही करावी लागे. शिकलेल्या सिस्टरने त्यावर प्रश्न विचारला, तर त्यात वावगे काय होते? पहिल्या दोन दिवसांत लसीकरणाच्या नोंदणीचे कोविन अॅप अडखळले आणि राज्यातली सत्रेही थांबवावी लागली.

उत्तर आले ते कामातूनच. एप्रिल-मेच्या डेल्टा लाटेनंतर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याच सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. दोन डोस घेतलेल्यांत रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण ७७ टक्क्यांनी आणि ऑक्सिजनची गरज ९२ टक्क्यांनी कमी आढळली. संसर्ग मात्र पूर्ण थांबला नव्हता, तो ६५ टक्क्यांनी कमी झाला. लस माणूस वाचवते, पण साखळी पूर्ण तोडत नाही, हे त्या आकड्यांत स्पष्ट होते. पुढे न्यायालयातही हाच मुद्दा निर्णायक ठरला.

याच वेल्लोरमध्ये शिकलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे आरोग्य कार्यकर्तीची निवड गावच करत असे. अनेक जणी निरक्षर, अनेक दलित. त्यांना बाळंतपण, जुलाब, लसीकरण शिकवले गेले. त्या गावातच राहत, गावातल्याच भाषेत बोलत. १९७१ मध्ये त्या परिसरात हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, १९९०च्या दशकात हे प्रमाण तिशीच्या आत आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये देशभर आशा योजना आली, तिच्या मुळाशी असलेल्या अनुभवांत जामखेडही आहे. जामखेडची शिकवण अशी की आरोग्यसेविकेचा अधिकार शेजाऱ्यांच्या विश्वासातून येतो, आणि हुकूम काढून तो विश्वास मिळत नाही.

२०२१च्या पावसाळ्यानंतर परभणीच्या गावांत सोयाबीनची काढणी आली, पाठोपाठ कापूस वेचणी. गंगाखेड-पालमकडची ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघाली. लसीनंतर दोन दिवस ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली, हा विचार ज्याच्या त्याच्या मनात होता. राज्याने ऑक्टोबरमध्ये ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम राबवली. ३ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कमी लसीकरणाच्या जिल्ह्यांची बैठक घेतली, त्यांत परभणीचे शेजारी हिंगोली आणि नांदेड होते. त्याच महिन्यात औरंगाबादच्या प्रशासनाने लसीशिवाय रेशन, पेट्रोल, गॅस नाही, असा आदेश काढला. केंद्र सरकार लस ऐच्छिक आहे असे सांगत होते आणि खाली दारे एकेक करून बंद होत होती.

जगातही एकमत नव्हते. इटलीने एप्रिल २०२१ मध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांसाठीची सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. इंग्लंडने ती जाहीर करून मार्च २०२२ मध्ये मागे घेतली. २ मे २०२२ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात सांगितले की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी मर्यादा घालता येतात, पण त्या प्रमाणात असाव्यात. लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका अधिक असल्याची माहिती न्यायालयापुढे आली नव्हती, म्हणून खासगी संस्थांनीही अशा निर्बंधांचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने सुचवले.

माझे मत असे आहे: वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित मुले यांच्या घरी जाणाऱ्या संस्थेने आपल्या कार्यकर्तीकडून लसीची अपेक्षा ठेवणे योग्यच आहे. दुबळ्या माणसाच्या दारात जाताना आपली काळजी घेणे हा कामाचाच भाग आहे. पण अपेक्षा दोन्ही बाजूंनी असते. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. वर्षभर घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरलेल्या त्या बायका मानधन आणि संरक्षण मागत होत्या. दरमहा हजार रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाल्यावर संप मिटला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक गौरव केला. तो गौरव त्यांनी कमावलेला होता, आणि मानधनाची मागणीही तितकीच रास्त होती.

म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता गावपातळीवरच्या प्रत्येक आरोग्यसंस्थेने आपला नियम आजच लिहून ठेवावा. लस कोणत्या कामासाठी आवश्यक आणि कोणत्या कामासाठी नाही. वैद्यकीय कारणाने सूट कुणाला. शंका ऐकून घेणारा डॉक्टर कोण. लसीनंतर दोन दिवसांची भरपगारी रजा आणि केंद्रापर्यंत जाण्याचा खर्च. काही त्रास झाला तर उपचाराची जबाबदारी संस्थेची. आणि जी तरीही नाही म्हणेल, तिला कामावरून काढण्याआधी रुग्णांशी थेट संबंध नसलेले काम. हा नियम कार्यकर्त्यांसोबत बसून ठरवावा आणि संस्थेच्या प्रमुखाने त्याप्रमाणे सर्वांत आधी बाही वर करावी. एवढे करणारी संस्था आपल्या माणसांना ‘लस घ्या’ असे हक्काने सांगू शकते. जी हे करत नाही, तिला तो हक्क नाही.