कुत्र्यांमधील लेप्टो : डायलिसिस नेमके काय करते?

२००५ च्या जुलैमधील महापुरानंतर ‘लेप्टो’ हा शब्द मुंबईकरांच्या बोलण्यात कायमचा रुळला. तोच लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो, आणि तो केवळ पावसाळी शहरांचा रोग नव्हे. २०२१ मध्ये कोरड्या हवेच्या लॉस एंजेलिस परगण्यात दोनशेहून अधिक कुत्र्यांमध्ये त्याची नोंद झाली. त्यांपैकी अनेक कुत्री बोर्डिंग किंवा डे-केअरमध्ये राहून आलेली होती.

उंदरांच्या वा अन्य प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जंतू शरीरात शिरतात आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत ठाण मांडतात. लघवी आटते, रक्तात युरिया आणि पोटॅशियम साचू लागते. अशा वेळी पशुवैद्य डायलिसिस सुचवतात, आणि यंत्रातून रक्तातले जंतू गाळले जातील, असा अनेक मालकांचा समज होतो. तसे होत नाही.

मानेतील मोठ्या शिरेत दुहेरी नळी बसवून रक्त बाहेर काढले जाते. ते गोठू नये म्हणून सहसा हेपॅरिन देतात. हे रक्त केसासारख्या पोकळ तंतूंमधून वाहते आणि तंतूंच्या बाहेरून क्षारयुक्त द्रव फिरतो. युरिया, पोटॅशियम आणि जादा पाणी तंतूंच्या भिंतीतून पलीकडे जाते. भिंतीची छिद्रे इतकी बारीक असतात की रक्तपेशी त्यांतून जात नाहीत, आणि जंतूही नाहीत. जंतूंचा नायनाट प्रतिजैविकेच करतात. उलट्या होत असताना प्रथम पेनिसिलिन गटाची इंजेक्शने आणि पुढे दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन, असा सर्वसाधारण क्रम असतो.

मग यंत्राचा उपयोग काय? ते वेळ मिळवून देते. लेप्टोने जखमी झालेल्या नलिकांच्या पेशी पुन्हा वाढू शकतात, पण त्याला काही आठवडे लागतात, आणि लघवी पूर्ण थांबलेले कुत्रे तेवढे दिवस तग धरत नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायलिसिस केलेल्या १४ कुत्र्यांपैकी १२ वाचली. संख्या लहान आहे, परंतु मूत्रपिंड बंद पडलेल्या कुत्र्यांसाठी हा आकडा आशादायक म्हणावा लागेल.

जंतू किंवा दाहकारक द्रव्ये स्वतःला चिकटवून घेणाऱ्या नव्या गाळण्यांची चर्चा अलीकडे होते. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा पुरावा अद्याप तोकडा आहे.

धोकेही आहेत. दहा किलोच्या कुत्र्याच्या अंगात जेमतेम ८०० ते ९०० मिलिलिटर रक्त असते, त्यामुळे नळ्यांत राहणारे थोडे रक्तही जाणवते. युरिया झपाट्याने उतरवला तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून पहिली फेरी मुद्दाम सौम्य ठेवतात. जंतूंमुळे फुप्फुसांत रक्तस्राव सुरू झाला असेल, तर त्यावर यंत्राचा इलाज फारसा चालत नाही.

खरा पेच वेळेचा आहे. ही सोय मोजक्याच केंद्रांत असते आणि खर्च हजारो डॉलरांत जातो. लघवी होत नसताना सलाइन चालूच राहिले, तर पाणी फुप्फुसांत साचते. त्यामुळे लघवी आटल्याचे दिसताच, त्याच दिवशी, केंद्राकडे पाठवण्याविषयी पशुवैद्याला विचारणे इष्ट.

अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०२३ मधील सहमतिपत्रकाने सर्व कुत्र्यांना दरवर्षी लेप्टोची लस द्यावी, असे सुचवले आहे. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे वापरावेत. ती माणसालाही बाधते.