लाजेपायी उशीर नको : पुरुषांच्या एका कर्करोगाविषयी



झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर मागच्या हिवाळ्यात सत्तरीचे एक आजोबा भेटले. तक्रार कंबरदुखीची. मोळी उचलली असेल, असे घरचे म्हणत होते. बाजूला बसवून विचारले तेव्हा कळले, की दोन वर्षांपासून ते रात्री चार-पाचदा लघवीला उठत होते आणि धार बारीक झाली होती. सुनेसमोर कसे सांगायचे, म्हणून गप्प राहिले. तपासणीत पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. तो हाडांत उतरला होता.

ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती, साधारण अक्रोडाएवढी. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि नळी दाबते. ही वाढ बहुधा साधीच असते, तेव्हा लघवीचा प्रत्येक त्रास कर्करोग समजून घाबरू नये. पण दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात, आणि सुरुवातीचा कर्करोग तर काहीच लक्षण दाखवत नाही. पीएसए या रक्ततपासणीतून संशय येतो; मात्र साध्या वाढीत किंवा जंतुसंसर्गातही हा आकडा चढतो. खात्री होते ती ग्रंथीचा तुकडा काढून तपासल्यावरच.

बरा होतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. ग्रंथीपुरता असताना सापडला तर शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बरा होऊ शकतो. हाडांत गेल्यावर समूळ जात नाही, पण अनेकदा काही वर्षे आटोक्यात राहतो. याचे श्रेय चार्ल्स हगिन्स या अमेरिकेतील डॉक्टरांना. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, ते बंद केले की तो आक्रसतो, हे त्यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. संप्रेरक थांबवायला आज इंजेक्शने आहेत, पण ती वारंवार घ्यावी लागतात. वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया एकदाच होते व स्वस्त पडते. मात्र "मर्दानगी जाईल" या भीतीने माणसे तिला नकार देतात. तिथे घाई न करता बायकोला, मुलाला सोबत बसवून बोलावे लागते.

त्याच १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेही दानातून: सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या. तिथल्याच डॉक्टरांनी जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर एक अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त ग्रंथीला किरण दिलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्क्यांचा आजार पाच वर्षे पुन्हा उसळला नाही. ओटीपोटातील लसिका गाठींनाही किरण दिल्यावर हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. एकूण आयुष्यात मात्र तेवढ्यात ठळक फरक दिसला नाही.

संशोधनालाही धर्मादाय पैसा लागतो. ॲबिराटेरॉन हे औषध लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च या धर्मादाय संस्थेत तयार झाले. मध्ये काही वर्षे ते रखडले, कारण कंपनीला रस उरला नव्हता. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आता भारतीय कंपन्याही ते बनवतात. मेलबर्नच्या काही मित्रांनी २००३ मध्ये गंमत म्हणून नोव्हेंबरभर मिश्या वाढवल्या, आणि पुढच्या वर्षापासून त्यातून या आजारासाठी निधी जमू लागला. (आपल्याकडे मिश्या आधीच भरपूर आहेत, निधीचे तेवढे बघायचे!)

आपल्या भागात अडचण असते ती पोडावरून रुग्णालयापर्यंतच्या वाटेची. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात, पण गाडीभाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि हरवलेले रेशनकार्ड यांचे काय? मुंबईला जावे लागले तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहण्याची सोय होते, हे अनेकांना ठाऊकच नसते. आपले दान बहुतेक अशा खर्चालाच जाते.

आजोबांनी शस्त्रक्रियेला होकार दिला. कंबर बरीच हलकी झाली आहे. दर तीन महिन्यांनी मुलगा त्यांना रक्ततपासणीला आणतो, आणि लघवीचे कसे आहे हे आजोबा आता सुनेसमोरच सांगतात.