मागचा ॲक्सल : अखंड की स्वतंत्र?

दर वर्षी मेकॅनिकलच्या फायनल इयरला एखादा तरी ग्रुप असा निघतोच, ज्याला नुसता रिपोर्ट छापून मोकळं व्हायचं नसतं, तर स्वतःच्या हाताने गाडी बनवायची असते. चेसिसचं मॉडेल कॉम्प्युटरवर दोन-चार रात्रींत तयार होतं, रंगसुद्धा ठरतो. आणि मग मागच्या चाकांपाशी सगळं अडतं. एक म्हणतो, "सरळ ओम्नीचा ॲक्सल टाकू." दुसरा म्हणतो, "छे, छकडा बनवायचाय का? इंडिपेंडंट सस्पेन्शनच पाहिजे!" कँटीनमध्ये वाद रंगतो आणि निर्णय शेवटी 'भारी काय दिसेल' यावर होतो. वास्तविक वर्गणीचे पैसे, सबमिशनची तारीख आणि मुख्य म्हणजे स्टिअरिंगवर बसणाऱ्या मित्राचा जीव, हे सगळं या एका निर्णयावर अवलंबून असतं. म्हणून मित्रांनो, जरा हिशेब मांडून बघू.

आधी ओळख करून घेऊ

लाइव्ह ॲक्सल म्हणजे डिफरन्शियल, दोन्ही हाफ शाफ्ट आणि दोन्ही हब एकाच अखंड हौसिंगमध्ये. गॅरेजवाले त्याला नुसतं 'हौसिंग' म्हणतात. हे सगळं धूड चाकांबरोबर वर-खाली होतं. ॲम्बॅसिडर, पद्मिनी, जिप्सी, ओम्नी, बोलेरो या सगळ्यांची मागची बाजू अशीच, पाट्यांवर टांगलेली.

इंडिपेंडंट रिअर सस्पेन्शन, म्हणजे आयआरएस, यात डिफरन्शियल चेसिसला पक्कं बोल्ट केलेलं असतं. त्यातून दोन्ही बाजूंना जॉइंटवाले शाफ्ट निघतात आणि प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्रपणे हलतं. हे काही परदेशी खूळ नाही. वाळूजला बनणारी बजाजची रिक्षा एकदा खाली वाकून बघा. इंजिन मागे, दोन्ही चाकांना वेगवेगळे शाफ्ट आणि वेगवेगळे ट्रेलिंग आर्म. म्हणजे रोज शेअरिंगमध्ये तिघांच्या जागी पाच जण बसून आपण जातो, ते आयआरएसवरच!

किट कारची परंपरा काय सांगते?

किट कार म्हटलं की पहिलं नाव लोटस सेव्हनचं. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये बाजारात आणली. त्या काळी ब्रिटनमध्ये सुट्या भागांत घेतलेल्या गाडीवर परचेस टॅक्स लागत नसे, म्हणून लोक किट घेऊन घरच्या गॅरेजमध्ये जोडत. रेसिंगमधल्या एवढ्या मोठ्या डोक्याने सेव्हनच्या मागे काय बसवलं? दुसऱ्या साध्या गाडीचा लाइव्ह ॲक्सल! १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तिनेही लाइव्ह ॲक्सल चालू ठेवला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर द डिऑन हा मधला मार्ग आणला.

याच जातकुळीची गाडी आपल्या महाराष्ट्रातही बनली आहे. अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर १.८ एस ही सेव्हनच्या धर्तीवरची गाडी, आणि तिचं इंजिन म्हणजे ॲम्बॅसिडरमध्ये येणारं इसुझूचं १.८ लिटर. यातून शिकण्यासारखं एकच : किट कार कोऱ्या कागदापासून सुरू होत नाही. जे सहज मिळतं त्याच्याभोवती ती उभी राहते. ज्या जुन्या गाडीचे भाग आपण काढतो, तिला डोनर म्हणतात. निम्मं डिझाइन डोनरच करून ठेवतो.

लाइव्ह ॲक्सलचा गुण

वळणावर बॉडी झुकते. समजा ३ अंश झुकली. लाइव्ह ॲक्सलमध्ये चाकं बॉडीला नव्हे, एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे सपाट रस्त्यावर ती उभीच राहतात आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला टेकतो. आयआरएसमध्ये वरचे-खालचे आर्म समान आणि समांतर ठेवले तर बाहेरचं चाकही ते ३ अंश झुकतं. हे टाळायचं तर आर्मची लांबी आणि कोन विचारपूर्वक ठरवावे लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे चाकांचा टो आणि कॅम्बर फॅक्टरीतच हौसिंगमध्ये पक्के झालेले असतात. आपल्याला ते बिघडवायचं म्हटलं तरी सहज बिघडत नाहीत!

आणि त्याचे दोष

पहिला दोष : एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्रास. दोन चाकांमधलं अंतर १२०० मिलिमीटर धरा. एक चाक ५० मिलिमीटर उचललं गेलं तर दोन्ही चाकं जवळपास २.४ अंशांनी तिरकी होतात.

दुसरा दोष प्रोपेलर शाफ्टच्या पिळाचा. इंजिनचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर ३.५ धरला तर शाफ्टवर २१० न्यूटन-मीटर येतात. हा पीळ ॲक्सललाच फिरवू बघतो, म्हणजे एका चाकावरचा भार कमी आणि दुसऱ्यावरचा जास्त. २१० भागिले १.२ म्हणजे १७५ न्यूटन, साधारण १८ किलो. हा जास्तीत जास्त आकडा झाला. बॉडीमार्फत यातला काही भाग परत फिरतो. तरीही हलक्या गाडीत जोरात सुटताना एक चाक आधी फिरतं ते यामुळेच.

तिसरा आणि खरा दोष वजनाचा. स्प्रिंगच्या वर किती वजन आणि खाली किती, या गुणोत्तरावर गाडीची बैठक ठरते. खाली जितकं जड, तितकं चाक खड्ड्यातून उशिरा परत येतं. हिशेबासाठी आकडे धरू. जीपसारख्या गाडीचा चाकांसकट ॲक्सल १०० किलो आणि मागचा एकूण भार ९०० किलो असेल, तर वर ८००, खाली १००. गुणोत्तर ८. तोच ॲक्सल आपल्या छोट्या गाडीखाली लावला, जिचा मागचा भार ३०० किलोच आहे, तर वर २००, खाली १००. गुणोत्तर फक्त २! ही गाडी दौलताबाद घाटात रस्त्याला धरून चालणार नाही, ती उड्या मारत जाईल. हलक्या व्हॅनचा ६५ किलोचा ॲक्सल लावला तर गुणोत्तर ३.६ होतं. आयआरएसमध्ये ४५ किलो धरले तर ५.७.

म्हणजे 'लाइव्ह ॲक्सल वाईट' असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. आपल्या गाडीच्या मानाने जड ॲक्सल वाईट. तेव्हा भंगार बाजारात गेल्यावर किंमत विचारायच्या आधी ॲक्सल काट्यावर ठेवायला सांगा.

दोन मिलिमीटरची गोष्ट

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की आयआरएसच बरं. कागदावर ते बरं आहेच. पण गाडी कागदावर चालत नाही. आयआरएसमध्ये चाक कुठे बघतं हे ठरवतात आपण वेल्ड केलेले ब्रॅकेट.

समजा खालच्या आर्मचे चेसिसवरचे दोन पॉइंट २५० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि त्यातला एक २ मिलिमीटर आत सरकला. वेल्डिंगच्या उष्णतेने एवढं सहज खेचलं जातं. आर्म ०.४६ अंशांनी फिरला आणि त्याबरोबर चाकही. १३ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत २.६ मिलिमीटरचा फरक पडला. तोही एकाच चाकात! मागच्या चाकाचा टो असा बिघडला की गाडी मागून स्वतःच स्टिअर व्हायला लागते. सरळ रस्त्यावर ब्रेक मारला तरी शेपूट हलते. शिवाय चाक वर-खाली होताना टो बदलत राहिला तर ड्रायव्हरला अंदाजच येत नाही.

आता हीच चूक लाइव्ह ॲक्सलमध्ये करून बघू. दोन खालच्या लिंक ९०० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि एक लिंक २ मिलिमीटर लांब झाली. ॲक्सल ०.१३ अंश तिरका बसला. दोन्ही चाकं एकमेकांशी समांतरच राहिली. लिंकच्या टोकाला आट्यांचा रॉड एंड असेल तर पाना लावून दहा मिनिटांत दुरुस्त!

सगळ्या निवडीचं मर्म इथेच आहे. लाइव्ह ॲक्सलमध्ये अचूकपणा विकत मिळतो, आयआरएसमध्ये तो आपल्याला बनवावा लागतो.

मग डोनर कोणता?

इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागे अशी गाडी असेल तर आपल्याकडे व्यवहारी डोनर म्हणजे ओम्नी किंवा ईको. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण जुन्या गाड्या आणि पार्ट आहेत. तिच्यात पाटे आहेत, ईकोच्या मागे कॉइल स्प्रिंग आणि लिंक. पाटे बांधायला सोपे, पण व्हॅनचं ओझं पेलायला बनवलेले असल्याने हलक्या गाडीला फार कडक पडतात. कॉइल स्प्रिंग, चार लिंक आणि आडवा पॅनहार्ड रॉड ही मांडणी जास्त चांगली. पॅनहार्ड रॉड जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा आणि गाडी उभी असताना तो आडवा सरळ असू द्या. ९०० मिलिमीटरचा रॉड असेल तर ५० मिलिमीटर चढ-उतारात ॲक्सल फक्त १.४ मिलिमीटर बाजूला सरकतो. हे तंत्र जुनाट आहे असं वाटत असेल, तर २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनखाली डोकावा. तिथेही मागे अखंड ॲक्सलच आहे, वॉट लिंकेजने सांभाळलेला.

इंजिन मागे ठेवायचं असेल तर गोष्ट उलटी होते. मग नॅनो बघा. उत्पादन २०१८ मध्ये बंद झालं, पण मागचं इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट आणि सेमी-ट्रेलिंग आर्म असा सगळा संच एकत्र मिळतो. इथे आयआरएस आयतंच येतं. फक्त आर्मचे मूळ पॉइंट मोजून तंतोतंत तेच ठेवायचे. बाहा स्पर्धेच्या बग्गीत इंजिन मागेच असतं आणि जमीन खडबडीत असते, तिथेही आयआरएसला अर्थ आहे.

पुढे इंजिन ठेवून स्वतः डिझाइन केलेलं आयआरएस हा तिसरा रस्ता सगळ्यात अवघड. जिग बनवायला महिना हाताशी असेल, ब्रॅकेट वाळूजच्या एखाद्या व्हेंडरकडून लेझर कटिंग करून घेता येत असतील आणि ग्रुपमध्ये कुणी खरोखर चांगलं वेल्डिंग करत असेल, तरच त्या वाटेला जा.

थोडक्यात

पहिलीच गाडी, इंजिन पुढे, हातात एक सेमिस्टर : हलका लाइव्ह ॲक्सल. इंजिन मागे : डोनरचं आयआरएस जसंच्या तसं. कोणतंही निवडा, ब्रॅकेट बोल्टला दोन्ही बाजूंनी पकडणारे करा, आधी टॅक मारा, कर्ण मोजा, मगच फुल वेल्ड करा. पहिली चाचणी दोरी लावून चाकांची दिशा तपासल्यावरच घ्या.

आणि शेवटची गोष्ट. स्वतः बनवलेली गाडी टाइप अप्रूव्हलशिवाय रस्त्यासाठी नोंदवता येत नाही. डोनरच्या जुन्या आरसी बुकाचाही उपयोग नाही, कारण निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा जालना रोडवर मिरवायचा मोह टाळा. कॉलेजचं मैदान, हेल्मेट, बेल्ट आणि बाजूला उभे असलेले सर, एवढं असलं की पुरे. मागचं चाक सरळ चाललं की गाडी पास झाली समजा. व्हायवाचं मग बघून घेऊ!